लहान उद्योग किती हिरवा असतो? चामड्याच्या कुंडातून पाहिलेला इतिहास



उस्मानपुऱ्यात आमचे एक छोटे अभ्यासमंडळ चालते. रविवारी संध्याकाळी विहारात दहा-पंधरा मुले-मुली जमतात, एखादा विषय घेतात आणि त्यावर भांडण होईपर्यंत चर्चा करतात. मागच्या महिन्यात त्यातल्या एका मुलाने आपला प्रकल्प अहवाल वाचायला आणला. मुलगा बौद्ध, बी.कॉम. झालेला, एमआयडीसीत कंत्राटी कामगार. दर काही महिन्यांनी ब्रेक मिळतो आणि पुढच्या वेळी परत घेतील की नाही याची खात्री नसते. म्हणून कर्ज काढून पाच-सहा जणांचा धंदा टाकायचा त्याचा विचार आहे. चामड्याच्या पिशव्या, पाकिटे, पट्टे. अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिले होते: बाभळीच्या सालीत कमावलेले, रसायनमुक्त, १०० टक्के पर्यावरणस्नेही चामडे.

मागच्या रांगेत एक काका बसले होते. ढोर समाजातले, सत्तरी ओलांडलेले, बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेले. त्यांनी विचारले, "पोरा, कातडं कमावताना कधी पाह्यलंस का?"

"नाही काका. कमावलेलं तयार विकत घेणार."

"मग रसायन नाही असं कशावरून लिव्हलं? आमचा बाप दिसभर चुन्यात उभा राहायचा. पायाला भेगा पडायच्या, त्या कधी बुजल्याच नाहीत. चुना काय असतो मग?"

यावर एक मुलगी उठली. "बाबासाहेबांनी सोडायला सांगितलेलं काम आपण पर्यावरणाच्या नावाखाली पुन्हा का उचलायचं?" मग मात्र सभा दोन तास संपली नाही.

त्या दोन तासांत जे नीट बोलता आले नाही ते या लेखात मांडतो आहे. आज ‘हिरवा धंदा’, ‘इको-फ्रेंडली स्टार्टअप’ हे शब्द आपल्या मुलांच्याही तोंडी आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण लहान उद्योग म्हणजे आपोआप पर्यावरणस्नेही उद्योग, हे गृहीतक इतिहासात तपासून पाहिले पाहिजे. चामड्याचा धंदा त्यासाठी सर्वांत योग्य आहे. कारण हा धंदा शतकानुशतके लहान होता, गावातला होता, कारखान्याच्या रसायनांशिवाय चालत होता, आणि तो कोणी करायचा हे जातीने ठरवलेले होते.

कुंडात काय घडायचे

आधी काम समजून घेऊ. जनावराचे कातडे काही तासांत सडायला लागते. म्हणून त्याला मीठ लावतात, मग पाण्यात भिजवतात. त्यानंतर ते चुन्याच्या पाण्यात काही दिवस ठेवतात, म्हणजे केस सैल होतात. केस खरवडायचे, आतल्या बाजूचे मांस आणि चरबी खरवडायची, चुना धुऊन काढायचा. एवढे झाल्यावर खरे ‘कमावणे’ सुरू होते. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरून बसते आणि कातडे सडायचे थांबते. जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात सालीचे पाणी भरून ती टांगून ठेवत. हे सारे काम कित्येक आठवडे चाले. त्यातून विहिरीची मोट, पाण्याची पखाल आणि जोड्यांचे तळ तयार होत.

मेलेले जनावर ओढून नेणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे, जोडे शिवणे चांभारांकडे. प्रदेशागणिक थोडा फरक असे, पण साधारण वाटणी अशी होती. चामड्याच्या वाद्या आणि दोर मांगांकडे.

आता पर्यावरणाच्या चष्म्यातून पाहू आणि या धंद्याचे श्रेय त्याला आधी देऊ. वीज नाही, कोळसा नाही, क्रोमियम नाही. कच्चा माल बैलगाडीच्या टप्प्यात. मेलेल्या बैलाच्या कातड्याची मोट होऊन तीच पुन्हा शेताला पाणी देई. फाटलेली वस्तू फेकली जात नसे, शिवली जाई. आजच्या भाषेत याला ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात आणि त्यावर परिषदा भरवतात.

दुसरी बाजूही आहे. चुन्याचे, केसांचे, मांसाच्या तुकड्यांचे आणि सालीचे काळपट पाणी कुठेतरी जायचेच. ते पाणी सडते आणि ओढ्यातला प्राणवायू खाते. गावाने यावर काय उपाय शोधला होता? ढोरवाडा आणि चांभारवाडा पाण्याच्या उताराला, गावाच्या पिण्याच्या पाण्यापासून लांब ठेवला. म्हणजे गावाचे पाणी स्वच्छ राहिले आणि घाणीचे पाणी वस्तीच्या दाराशी थांबले. रोगाने मेलेल्या जनावराचे कातडे हाताळताना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, होण्याचा धोका असे, तो याच हातांना. चुन्याने फुटलेले पायही त्यांचेच. साल काढली की झाडही जाते, हा हिशेबही कोणी मांडला नाही.

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इंग्रजीत ‘पोल्यूशन’ हा एकच शब्द कारखान्याच्या धुरालाही वापरतात आणि जातीच्या विटाळालाही. मराठीत आपण प्रदूषण आणि विटाळ असे दोन शब्द वेगळे ठेवतो, पण गावाच्या व्यवहारात ते वेगळे नव्हते. खरी घाण ज्यांच्याकडे पाठवली त्यांनाच विटाळलेले ठरवले, आणि विटाळलेले ठरवल्यामुळे पुढची घाणही त्यांच्याकडेच पाठवता आली. जुना ग्रामोद्योग निसर्गाला परवडला, कारण त्याच्या सांडपाण्याची किंमत एका जातीच्या शरीराने भरली. ही किंमत कुठल्याही वहीत नाही, म्हणून आज तो धंदा निर्मळ दिसतो.

पाचशे रुपयांचा हिशेब

ही किंमत पहिल्यांदा ठणकावून विचारली ती बाबासाहेबांनी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे आणि मेलेली जनावरे ओढणे सोडा, असे आवाहन केले. पुढच्या वर्षी मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. गावोगावी लोकांनी ढोरे ओढणे बंद केले आणि गावोगावी त्यांच्यावर बहिष्कार पडले.

या वेळी आपल्या भल्याचा आव आणून एक युक्तिवाद पुढे आला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी तो सांगितला आहे. ‘केसरी’तून असा प्रचार झाला की, ढोरे ओढणे सोडल्यामुळे कातडे, शिंगे, हाडे यांचे वर्षाला पाचशे रुपयांचे उत्पन्न हे लोक घालवत आहेत आणि आंबेडकर त्यांचे नुकसान करीत आहेत. बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते. एवढा फायदा आहे ना, मग ते काम तुम्ही करा. ते पाचशे रुपये तर घ्याच, वर मी पाचशे देतो.

कोणी ते पैसे घ्यायला आले नाही.

हे उत्तर आपण टाळ्या वाजवून ऐकतो आणि पुढे जातो. पण त्यात अर्थशास्त्राचा एक नियम आहे. ज्या कामाची खरी किंमत जमेला धरलेली नसते, ते काम फायद्याचे दिसते. काम करणारा बदलून पाहिला की किंमत लगेच कळते. ‘केसरी’च्या हिशेबात शिंगे होती, हाडे होती, कातडे होते. वास नव्हता, रोग नव्हता, अपमान नव्हता. आजचा कोणताही ‘हिरवा’ प्रकल्प अहवाल हातात आला की मी हेच पाहतो: यात काय मोजले आहे आणि काय मोजलेले नाही?

वर्ध्याचा प्रयोग

प्रामाणिक इतिहास लिहायचा तर दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडी हे त्याचे केंद्र आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव. दरवर्षी नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे देशाबाहेर जाते, असा हिशेब गांधींनी त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये मांडला होता. हे कातडे गावातच कमावले तर गावातल्या सर्वांत गरीब माणसाला काम मिळेल, अशी त्यांची मांडणी होती. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. कत्तलीचे नव्हे, तर मेलेल्या जनावराचेच कातडे, वनस्पतींनीच कमावलेले, आणि मांस-हाडांचेही खत करायचे, म्हणजे काही वाया जाऊ द्यायचे नाही.

कुमारप्पांना हलके लेखू नका. ते कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्याकडे शिकले. बाबासाहेबांचेही तेच विद्यापीठ आणि तेच प्राध्यापक. साठ्यावर चालणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहावर चालणारी अर्थव्यवस्था असा भेद कुमारप्पांनी केला. कोळसा, तेल यांचा साठा संपतो आणि त्यासाठी युद्धे होतात. झाड, पाणी, प्राणी यांचा प्रवाह जपून वापरला तर टिकतो. चाळीसच्या दशकात हे म्हणणारा माणूस दूरदृष्टीचाच होता.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धन होते. ब्राह्मण घरातला हा माणूस १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून उपोषणाला बसला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मेलेली जनावरे सोलण्याचे काम स्वतः केले. बाबासाहेबांनी ‘तुम्ही करा’ म्हटले होते, ते करणारा हा अपवाद. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे.

तरीही हा मार्ग का पुरला नाही? मला तीन कारणे दिसतात.

एक, ज्या धंद्याला सोडण्याचे स्वातंत्र्यच नव्हते त्याला ‘सेवा’ म्हटल्याने ते स्वातंत्र्य मिळत नाही. पटवर्धनांनी कातडे सोलले तर ते व्रत झाले. संध्याकाळी हात धुऊन ते अप्पासाहेबच राहिले. आमच्या आजोबांनी सोलले तर ते कर्तव्य होते आणि हात कितीही धुतले तरी ते महारच राहिले.

दोन, बाजार. मोट गेली, इंजिन आणि विजेचा पंप आला. पखाल गेली, नळ आला. धंद्याचे गिऱ्हाईकच गेले. जो धंदा मागणीविना उरला तो कितीही हिरवा असला तरी त्यावर माणसाचे पोट चालत नाही.

तीन, सांडपाणी. प्रयोगात स्वच्छता सुधारली, सोलण्याची पद्धत सुधारली, पण कुंडातले पाणी शेवटी कुठे सोडायचे हा प्रश्न एकेका गावातल्या एकेका कुटुंबावरच राहिला.

बाबासाहेबांची दिशा वेगळी होती. १९१८ च्या शेतजमिनीच्या तुकड्यांवरील निबंधातच त्यांनी शेतीवरचा भार कमी करायला औद्योगिकीकरण हवे, असे मांडले. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधाचा समाचार घेतला. त्यांचे म्हणणे असे की दोष यंत्रात नाही. यंत्राचा लाभ काही मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेत दोष आहे, म्हणून बदलायची ती रचना. यंत्राशिवाय फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय कष्टकऱ्याला माणसाचे जगणे नाही. चुन्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बापाचा मुलगा हे लगेच समजतो.

घटनेतही या दोन्ही बाजू एकत्र आल्या. घटनासभेत दुरुस्ती होऊन कुटीरोद्योगांचा उल्लेख आला तो ४३ व्या कलमात. त्याच कलमात कामगाराला निर्वाह वेतन, चांगले राहणीमान आणि फुरसत मिळावी, असे लिहिले आहे. कुटीरोद्योगाचा गौरव करणारे बहुतेक लोक कलमाचा अर्धाच भाग वाचतात.

क्रोम आले आणि तेच हात राहिले

पण यंत्र आल्याने प्रश्न सुटला का? इथे आपल्यालाही स्वतःची तपासणी करावी लागेल.

क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विकसित झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमार्गे भारतात आली. सालीला आठवडे लागत, क्रोमला एखादा दिवस पुरतो. चामडे मऊ, हलके, रंग चांगला धरणारे. पण नेहमीच्या पद्धतीत क्रोमचा साधारण ६० ते ७० टक्केच भाग कातड्यात बसतो. उरलेला पाण्यातून बाहेर जातो. केस लवकर काढायला सोडियम सल्फाइड आले. त्याचे पाणी आम्लाच्या पाण्यात मिसळले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो आणि टाकी साफ करायला उतरलेला माणूस वर येत नाही.

कानपूरला गंगा आणि तमिळनाडूत पालार नदी यांचे काय झाले ते न्यायालयाच्या निकालांत नोंदलेले आहे. १९८७ मध्ये कानपूरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जो कारखाना किमान वेतन देऊ शकत नाही त्याला चालण्याचा हक्क नाही. तसेच जो प्राथमिक शुद्धीकरणाची सोय करू शकत नाही त्यालाही नाही. १९९६ मध्ये वेल्लोरच्या खटल्यात ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले गेले. १९८७ च्या निकालातली तुलना लक्षात ठेवण्यासारखी आहे. न्यायालयाने सांडपाण्याचा खर्च मजुरीच्या शेजारी ठेवला. परवडले तर करू, असा तो खर्च नाही.

हे कारखाने बहुतेक लहान होते. त्यांचे म्हणणेही हेच होते की आम्ही लहान आहोत, आम्हाला परवडत नाही. म्हणून १९९१ पासून केंद्राने सामाईक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांना मदतीची योजना आणली. अनेकांनी मिळून एक केंद्र चालवायचे. कल्पना बरोबर आहे. पण ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे तमिळनाडूतल्या राणीपेटला अशाच एका सामाईक केंद्राची गाळाची टाकी फुटली. शेजारच्या कारखान्यात झोपलेले १० कामगार त्या गाळात गुदमरून मेले. त्यातले बहुतेक बंगालमधून पोटासाठी आलेले. पर्यावरण वाचवणाऱ्या यंत्रणेखाली कामगार मेला, कारण कामगार कुठे झोपतो हा प्रश्न पर्यावरणाच्या रकान्यात येतच नव्हता.

म्हणजे जुन्या कुंडात आणि नव्या ड्रममध्ये एक गोष्ट सारखी राहिली. शेवटची घाण कोणाकडे जाईल हे आधीच ठरलेले आहे: दलित, गरीब मुसलमान, परराज्यातला मजूर. सहावारी साडीच्या दुकानापासून विमानतळापर्यंत चामड्याची वस्तू फिरते. हे हात मात्र कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

मग लहान उद्योग किती हिरवा होऊ शकतो?

आता त्या मुलाच्या अहवालाकडे येऊ. मी त्याचे उत्तर चार मुद्द्यांत देतो.

पहिला मुद्दा. ‘सालीत कमावलेले म्हणजे स्वच्छ’ हे अर्धसत्य आहे. चामड्याच्या धंद्यातल्या सेंद्रिय घाणीचा मोठा वाटा कमावण्याच्या आधीच्या टप्प्यांतून येतो: मीठ, चुना, केस, मांस. हे टप्पे क्रोमलाही लागतात आणि सालीलाही. सालीने क्रोमियम टळते, ही मोठी गोष्ट आहे, पण बाकीचे टळत नाही. एक टन खारवलेल्या कातड्यातून तयार चामडे निघते साधारण २०० ते २५० किलो. उरलेले कुठेतरी जाते. एक किलो कातड्यामागे ३०-४० लिटर पाणी लागते. मराठवाड्यात हा आकडा वाचून कोणीही थबकेल.

दुसरा मुद्दा. कागदावरचा हिरवेपणा फसवा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या वर्गीकरणात कातडे कमावणे लाल गटात होते, तर नुसते चामडे कापणे-शिवणे पांढऱ्या गटात जाऊ शकत होते, ज्याला मंडळाची संमतीही लागत नाही. त्यामुळे आपला मुलगा कायद्याने स्वच्छच ठरेल. त्याच्या पिशवीची घाण दुसऱ्या कोणाच्या नावावर, दुसऱ्या राज्यातल्या नदीवर जमा होईल. जुन्या गावाने कमावणारा आणि शिवणारा वेगळा केला होता, नवा कायदाही नकळत तेच करतो. उद्योग लहान दिसतो, कारण त्याचा घाण भाग बाहेर ठेवलेला असतो.

तिसरा मुद्दा, लहान उद्योग स्वतःच्या हिमतीवर काय करू शकतो. हे कमी नाही. चामडे कुठल्या कारखान्यातून घेतले, त्याला शुद्धीकरण केंद्राची जोडणी आहे का, हे तो विचारू शकतो आणि पिशवीवर छापू शकतो. चिकटवायला जे सोल्युशन वापरतात त्यात टोल्युइन, हेक्झेन असे द्रावक असतात. बंद खोलीत ते हुंगत राहिलेल्या कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. पाण्यावर आधारित गोंद मिळतो, तो महाग आहे, वाळायला वेळ घेतो, पण मिळतो. निदान खिडकी आणि पंखा तरी हवाच. क्रोम चामड्याच्या कात्रणांना काडी लावायची नाही, कारण जाळल्यावर क्रोमियमचे अधिक विषारी रूप तयार होऊ शकते. कात्रणातून किल्लीचे पट्टे, पुस्तकाच्या खुणा करता येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, वस्तू अशी शिवायची की ती दहा वर्षे टिकेल आणि फाटली तर दुरुस्त होईल. आपल्या चांभार बांधवांचे हे ज्ञान कुठल्याही इको-लेबलपेक्षा मोठे आहे.

चौथा मुद्दा, लहान उद्योग एकटा काय करू शकत नाही. मिठाचे पाणी साध्या शुद्धीकरणाने गोडे होत नाही. त्याला महागडी गाळणी आणि पाणी आटवण्याची यंत्रणा लागते, भरपूर वीज लागते. पाच कामगारांच्या शेडला ते कधीच परवडणार नाही. ओले काम सहकारी तत्त्वावर किंवा सरकारी सामाईक व्यवस्थेतच होऊ शकते, आणि तिच्यावर कामगारांची देखरेख हवी. ‘लहान ते सुंदर’ म्हणत एकेका गरीब कुटुंबावर ही जबाबदारी टाकणे म्हणजे जुन्या गावाचाच न्याय.

कोल्हापुरी चपलेचे पाहा. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशीच चप्पल दाखवली तेव्हा आपल्याकडे अस्मितेचा मोठा गदारोळ झाला. चप्पल आपली, हे सर्वांनी सांगितले. ती कोणत्या जातींनी जगवली आणि त्यांच्या हातात आज जोडीमागे किती पैसे पडतात, हे फारच थोड्यांनी विचारले. पर्यावरणस्नेही म्हणून वस्तूला जादा भाव मिळत असेल तर त्यातला पहिला वाटा ज्याने पर्यावरणाची किंमत अंगावर घेतली त्याचा, हा साधा न्याय आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

बाबासाहेबांनी सोडायला सांगितलेले काम पुन्हा का करायचे? माझे मत असे. त्यांनी चामडे सोडायला सांगितले नाही, सक्ती सोडायला सांगितली. जन्माने गळ्यात पडलेले काम आणि हिशेब करून, भांडवल घेऊन, हातमोजे घालून, भाव ठरवून केलेले काम एक नाही. पण उलटही खरे आहे. कोणा मुलाला या धंद्याचे नावही नको असेल, तर त्याला ‘तुमचे पारंपरिक कौशल्य’ म्हणून त्यात ढकलणाऱ्या योजना, प्रशिक्षणे आणि भाषणे यांना नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार त्याला आहे. आमच्या मंडळातली ती मुलगी सॉफ्टवेअरचा कोर्स करते आहे आणि तिने तो सोडू नये.

आपला धम्म उपजीविकेचा विचार करायला शिकवतो. बुद्धाने उपासकांना जे पाच व्यापार टाळायला सांगितले त्यांत विषाचा व्यापार आहे. नदीत सोडलेले विष आणि कामगाराच्या श्वासात सोडलेले विष या व्यापारातच मोजावे, असे मला वाटते.

गेल्या रविवारी तो मुलगा अहवाल दुरुस्त करून परत आला. ‘रसायनमुक्त’ आणि ‘१०० टक्के’ हे शब्द काढले होते. चामडे कुठून घेणार त्या कारखान्याची माहिती मागवली होती, उत्तर अजून आले नव्हते. पाण्यावरच्या गोंदाचा आणि एक्झॉस्ट पंख्याचा खर्च धरल्यावर पिशवीची किंमत वाढली होती आणि नफा कमी झाला होता. "दादा, असा अहवाल बँक मंजूर करेल का?" त्याने विचारले.

मला माहीत नाही, हे मी त्याला खरे सांगितले. बँकेच्या अर्जात या खर्चाला रकानाच नाही. तो रकाना असावा ही मागणी आपल्या चळवळीने करायची आहे: महामंडळाकडे, बँकेकडे, एमआयडीसीकडे. कर्ज हवे, पण त्यासोबत सामाईक शुद्धीकरण, सुरक्षित गोंदाला अनुदान आणि कामगाराचा विमाही हवा.

काकांनी अहवाल मागून घेतला. वाचता येत नाही, म्हणून मुलाने वाचून दाखवला. चुन्याचा उल्लेख आला तेव्हा ते म्हणाले, "आता बराबर हाय." आणि मग विचारले, "तिथं कमावणाऱ्याला बूट देत्यात का, ते पण विचार."

मुलाने ते दुसऱ्या पत्रात लिहिले आहे.

जय भीम!